दादाने दिलेला पत्ता

१२ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडता बाजूला ठेवशील, असं धरूनच लिहायला बसले आहे. उघडलंस तर बरं. फोन करत नाही, कारण फोनवर मी अधिकाऱ्यासारखी बोलते असं तूच मागे सुनावलं होतंस. शिवाय तू उचलत नाहीस.

काल दुपारी तुमच्या भागातल्या देखरेख केंद्राच्या बाईंचा फोन आला. त्यांचं काम तेच जे माझं: शिक्षेचा शेवटचा तुकडा तुरुंगाबाहेर काढायची परवानगी मिळालेल्या माणसांवर लक्ष ठेवायचं, त्यांना कामाला लावायचं, आठवड्याची हजेरी घ्यायची. म्हणाल्या, "अभिनंदन हं! भावाची सुटका मंजूर झाली. घराची तपासणीही करून आले मी. छान हवेशीर आहे."

मी म्हटलं, "माझ्या घरी कधी आलात? मला कुणी बोलल्याचं आठवत नाही."

त्या जरा घुटमळल्या. "तुमच्या नाही हो. तुमच्या बहिणीच्या."

बाहेर येणाऱ्या माणसाला एक पत्ता द्यावा लागतो. शिक्षा संपेपर्यंत त्याने तिथेच राहायचं असतं. पत्ता कोणता, ते त्यालाच विचारतात, दुसऱ्या कुणाला नाही. दादाला विचारलं, आणि त्याने तुझा दिला.

मी तक्रार करत नाहीये. तुला अटी माहीत असाव्यात म्हणून लिहिते आहे. दारूला स्पर्श नाही. गाडीचं चाक हातात घ्यायचं नाही, कुणाच्याही आणि कुठेही. संध्याकाळी आठच्या आत घरी. जिल्ह्याबाहेर जायचं तर आधी परवानगी. आठवड्याला हजेरी, आणि केंद्र सांगेल ते सेवाकाम. यातलं एक जरी मोडलं तरी पुन्हा आत पाठवू शकतात. शेजारीपाजारी काय म्हणतील त्यापेक्षा हे लक्षात ठेव.

आणखी काही. त्याला ‘जेवतोस का’ असं विचारू नकोस, ताट वाढून समोर ठेव, नाहीतर तो नको म्हणतो. खोलीचं दार बाहेरून ओढून घेऊ नकोस. दिवा घालवू नकोस, उजेडात झोपायची सवय लागली आहे त्याला. हे सगळं तुला माहीत असायचं कारण नाही. तू गेली नव्हतीस.

मी दर महिन्याला जात होते. हे मी ऐकवत नाहीये. (ऐकवतेच आहे. खोडणार होते, पण राहू दे.)

तुझं म्हणणं मला पाठ आहे: भावाला स्वतःच्या हाताने पोलिसांत नेऊन दिलं, आता डबे पोचवून काय उपयोग? हो, नेलं. तो पिऊन गाडी चालवत होता आणि एक सायकलवाला जागीच गेला. दादा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता, दात वाजत होते त्याचे. मी त्याला पाणी दिलं, हाताला धरलं आणि चौकीत नेलं. ते बरोबर होतं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. तेव्हा माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं.

मागची खोली मी रिकामी केली होती. नवी गादी आणली, खिडकीला पडदे लावले. आता गादीवर इस्त्रीचे कपडे ठेवते. चांगली जागा झाली त्यांची.

ताई


९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर इतकं लहान होतं की पाकिटाला उगाच तिकीट लावलंस असं वाटलं. "ताई, तो दिवा बंद करून झोपतो आणि घोरतो. येऊन बघ."

म्हणून आले. घरी परतल्यापासून तेच डोक्यात घोळतं आहे, म्हणून तुला लिहिते. नाहीतर हे माझ्या रोजच्या वहीत गेलं असतं. तिथे मी स्वतःशी फार सभ्यपणे बोलते.

तू दार उघडलंस तेव्हा तुझ्या हातांना साबणाचा फेस होता. "आलीस? वहाणा तिकडे काढ, आत्ताच पुसलंय," एवढंच म्हणालीस. इतक्या वर्षांनी भेटलो, आणि जणू मी सकाळी दूध आणायला गेले होते. मला ते आवडलं. आणि आवडलं याचाच राग आला.

आतून तुझं सुरू झालं, "दादा, ओला टॉवेल पुन्हा खाटेवर? बायको वाळत घालेल म्हणून ठेवलास का? कुठे आहे ती? दाखव तरी!" आणि दादा हसत होता. बटाटे सोलत बसला होता, मांडीवर परात घेऊन, आणि खांदे हलेपर्यंत हसत होता. म्हणाला, "बायको असती तर तुझ्या तोंडी लागलो असतो का?"

माझ्यासमोर सहा वर्षांत त्याने दोनच गोष्टी केल्या. हात टेबलावर ठेवले आणि घड्याळाकडे पाहिलं.

मग त्याने मला पाहिलं. तो उठला. परात बाजूला ठेवली आणि ताठ उभा राहिला, दोन्ही हात पुढे, दिसतील असे. सोललेला बटाटा हातातच होता. आणि मी काय केलं ते तू पाहिलंसच. मी म्हटलं, "सध्या कुठे राहतोस? सोबत कोण असतं?"

आमच्या केंद्रात प्रत्येक हजेरी याच दोन प्रश्नांनी सुरू होते. माझ्या तोंडात ते इतके बसले आहेत की दुधाचा रतीब घालणाऱ्यालाही कधी विचारीन. पण सख्ख्या भावाला, बहिणीच्या घरात? आणि त्यानेही उत्तर दिलं. "बहिणीकडे. बहीण, मेहुणे आणि भाची." अगदी तसंच, नजर माझ्या खांद्यावरून मागे भिंतीवर.

तुझी लेक फस्सकन हसली. "मावशी, नोकरी देतेस का मामाला?" तू हसली नाहीस. तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस, त्याच नजरेने आमच्या केंद्रात हजेरीला येणाऱ्यांच्या बायका पाहतात.

आणखी एक सांगायचं राहिलं. तू चहा टाकायला गेलीस तेव्हा मी मागच्या दाराची कडी पाहिली. फडताळातली काळी बाटली उघडून वास घेतला. केसांचं तेल निघालं. मी पाहुणी म्हणून आले होते की तपासणीला, हे मला बसमध्येसुद्धा ठरवता आलं नाही. बाटलीत काहीतरी सापडावं अशी माझी इच्छा होती का? हा प्रश्न मी लिहून ठेवते, उत्तर नको.

धाकटे, मला तुझा मत्सर वाटतो. हेवा म्हणणार होते, पण हेव्यात थोडं कौतुक असतं. तू सहा वर्षं रुसून बसलीस, माझ्यावरही आणि त्याच्यावरही, आणि तो तुझ्याकडे बटाटे सोलतो. मी उन्हातान्हात रांगेत उभी राहिले, झडती देऊन आत गेले, त्याच्या दाताचं औषध मिळावं म्हणून अर्ज केले, आणि मला बघून तो उठून उभा राहतो.

बटाटे जाड सोलतो तो. निम्मा बटाटा सालीत जातो. तेवढं शिकव.

ताई


४ मार्च

धाकटे,

हे पत्र वाचायला बसून घे.

आधी आमच्याकडचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्याकडे देखरेखीवर एक शिंपी होता. शांत माणूस, केंद्रातल्या सगळ्यांच्या खुर्च्यांना खोळी शिवून दिल्या होत्या. गेल्या आठवड्यात तो परवानगी न घेता जिल्ह्याबाहेर गेला, लेकीचं बाळ पाहायला. परत आल्यावर स्वतःच येऊन सांगितलं. मी वर कळवलं. त्याला पुन्हा आत नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. भांडली नाही, रडलीही नाही. टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरचं कुणी असतं तर?"

मी म्हटलं, "तरीही हेच केलं असतं."

आमचे सुभेदार दाराशी उभे होते. सुभेदार म्हणजे माझे मदतनीस, लष्करातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. ती गेल्यावर म्हणाले, "मॅडम, एवढं छातीठोक बोलू नये. नशिबाला कान असतात."

आणि काल संध्याकाळी तुझ्या लेकीने मला फोनवर फोटो पाठवला. वर लिहिलं होतं, "मावशी, बघ मामा कसला भारी शिकवतो!" मोकळं मैदान आहे, तुमची जुनी गाडी आहे, पोरगी बाहेर उभी राहून हाताने मागे ये, मागे ये करते आहे. आणि गाडीत, चाक हातात धरून, दादा. तोंड उघडं टाकून हसतो आहे.

पोरीला यातलं काही कळत नाही, तिला रागावू नकोस. पण तुला कळतं. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, कुणाच्याही आणि कुठेही. मैदानात असो, अंगणात असो, पाच हात मागे घ्यायची असो. चाक हातात असताना एक माणूस मेला आहे त्याच्याकडून. त्या सायकलवाल्याच्या घरचे अजून तुमच्याच जिल्ह्यात राहतात. त्यांनी हा फोटो पाहिला असता तर?

हे माझं बरोबर आहे ना? मी वहीत तीनदा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा बरोबर आलं. नियम तोच आहे, शिंप्याला लावला तोच. माझ्या भावाला वेगळा लावला तर उद्या मी त्या बाईसमोर कुठल्या तोंडाने बसू?

पण मागच्या वेळी त्याला चौकीत नेताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. या वेळी फोटो पाहिला आणि सगळ्यात आधी मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता तो तुझ्याकडे राहणार नाही. आणि बरं वाटलं. अगदी क्षणभर, पण पोटात गार पाणी पडावं तसं. नियम वगैरे सगळं त्याच्यानंतर आठवलं.

तेव्हा मी बरोबर आहे, आणि माझा हेतू घाणेरडा आहे. दोन्ही खरं आहे. अशा वेळी काय करायचं हे आमच्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. तिथे हेतू फक्त आरोपीचा तपासतात.

सोमवारी मी तुमच्या बाईंना फोन करणार आहे. तुला आधी सांगते आहे, पाठीमागून केलं असं नको.

(त्याचा तो फोटो मी पुसलेला नाही. इतका हसताना त्याला मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही. माझ्याकडे त्याचा हसरा म्हणून हा एकच.)

ताई


११ मार्च

धाकटे,

मी फोन केला. दादाने तुला काय सांगितलं माहीत नाही. तो मला झाकून घेईल अशी भीती वाटते, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

सोमवारी सकाळी केंद्राचं दार लावून घेतलं. बोलायचे मुद्दे कागदावर काढले होते. तुमच्या बाईंनी लगेच उचलला. मी म्हटलं, "माझ्या भावाच्या अटींसंबंधी थोडं बोलायचं होतं."

"थांबा हं," त्या म्हणाल्या, "ते इथेच बसलेत माझ्यासमोर. आज हजेरी नव्हती, तरी आलेत. देऊ का त्यांनाच?"

मी नको म्हणायच्या आत त्याचा आवाज आला. "बोल, मास्तरीणबाई."

लहानपणानंतर त्याने मला या नावाने हाक मारली नव्हती. तुरुंगात नेहमी नुसतं ‘ये’, ‘बस’, ‘जा आता’. मी समोरच्या कागदाकडे बघत होते आणि एकही मुद्दा वाचता येत नव्हता. मी विचारलं, "जेवलास का?"

"सकाळचे दहा वाजलेत."

"मग चहा?"

"झाला. धाकटीने तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं. कंसातलंसुद्धा."

मी मुद्द्यांचा कागद उलटा घातला.

"ती रडली, तुला शिव्या घातल्या, मग मला घातल्या. मी शर्ट बदलला आणि इथे आलो. बाईंना सांगितलं, पोरीला जमेना म्हणून गाडी मागे घेतली, चाक हातात होतं. मागच्या खेपेला तू हाताला धरून नेलं होतंस. पन्नाशी उलटली माझी, एकदा तरी आपल्या पायांनी यायला नको?" आणि मग, "तू कशाला फोन केलास?"

"सहज," मी म्हटलं.

"सहज होय," तो म्हणाला. "बरं."

त्याला माहीत होतं. तुझ्यासारखं ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

मग मी विचारलंच. समोर बाई बसल्या आहेत हे माहीत असून विचारलं. "माझा पत्ता का नाही दिलास, दादा? मी नेऊन दिलं म्हणून?"

"छे. त्या दिवशी तू नसतीस तर मी पळालो असतो, आणि पळतच राहिलो असतो. त्याचा राग नाही." मग म्हणाला, "तू दर महिन्याला आलीस. त्या भेटीच्या खोलीत दुसरं कुणी आलं नाही, तूच. आता तू दारात दिसलीस की ती खोली आत येते. टेबल, जाळी, तो शिपाई, सगळं. मी उठून उभा राहतो ते तुझ्यासाठी नाही, ते पायच उठतात. धाकटी आली नाही ना, तिला बघितलं की मला जुनं घर आठवतं. मी काय करू सांग."

मी म्हटलं, "म्हणजे मी यायला नको होतं."

"तू आली नसतीस तर मी वेडा झालो असतो. दोन्ही आहे. राग आला ना?"

"आला."

"मग ठीक आहे. अधिकाऱ्याला राग येत नाही."

तुमच्या बाईंनी त्याला लेखी ताकीद दिली आहे आणि सेवाकाम वाढवलं आहे: वाचनालयाची बाकडी घासून रंगवायची. पोरीला शिकवायचं तर शिकवणीच्या गाडीवर पाठवा म्हणाल्या. आत पाठवणार नाहीत. हे तुला कळलंच असेल. मी इथे खुर्चीत बसून राहिले, सुभेदार दार ठोठावत होते तरी.

म्हणजे बघ, न येण्याचं फळ तुला मिळालं आणि येण्याचं मला. तुला वाटेल आता ताई शहाणी झाली असेल, सगळं समजून घेतलं असेल. समजलं आहे. पण मत्सर गेलेला नाही. उलट आता त्याला धरायला काही उरलं नाही. तुझी चूक असती तर किती बरं झालं असतं.

एक मात्र केलं. शिंप्यानेही स्वतःच येऊन सांगितलं होतं, हे मी अहवालात ओझरतं लिहिलं होतं. काल वरिष्ठांना नव्याने लिहिलं की ते ठळक धरावं, आणि माझा अहवाल कडक झाला होता. ते काय ठरवतील सांगता येत नाही. त्याच्या बायकोला कळवलं. तिने फक्त मान हलवली. बरोबरच आहे.

आणि तुला एवढंच: फोन मी केला होता. दादाने मला थांबवलं नाही, तो फक्त माझ्या आधी पोहोचला.

ताई


३० मार्च

धाकटे,

तुझं दोन पानांचं पत्र मिळालं. पहिलं पान भरून मला जे काय म्हटलं आहेस ते मान्य. दुसऱ्या पानावर दादाची सर्दी, पोरीची परीक्षा आणि नळाची गळती. दुसरं पान मी जास्त वेळा वाचलं.

दादाने येत्या रविवारी एका दिवसासाठी जिल्ह्याबाहेर जायची परवानगी मागितली आहे आणि जायचा पत्ता माझा दिला आहे, हे तू मुद्दाम लिहिलं नव्हतंस ना? मला केंद्रातून कळलं. दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस येणार असला की तिथल्या केंद्राने घर तपासायचं असतं, आणि इथलं केंद्र म्हणजे मीच. आपलं घर आपण तपासू शकत नाही. म्हणून सुभेदार आले.

इस्त्रीचा शर्ट घालून आले, वहाणा दारात काढल्या, आणि मी चहाचं आधण ठेवायला निघाले तर म्हणाले, "तपासणी होईपर्यंत पाणीसुद्धा नाही, मॅडम. तुमचाच नियम." मी म्हटलं, "अहो सुभेदार, निदान बसा." "बसणं तुमचं. घर तुमचं आहे." मी बसले नाही. मी हात पुढे घेऊन उभी होते, हे मला नंतर आरशासमोरून जाताना दिसलं.

त्यांनी कड्या पाहिल्या, खिडकी उघडली, मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. गादीवरच्या कपड्यांवर नजर टाकली. मग विचारलं, "इथे कुठल्या खोलीत राहता?" आणि मग दुसरा प्रश्न. "सोबत कोण असतं?"

किती लोकांना मी हे विचारलं असेल. उत्तर देताना ते भिंतीकडे का पाहतात, ते मला तुझ्या घरी येण्याआधीच कळायला हवं होतं. मी म्हटलं, "कोणी नाही."

सुभेदारांनी लिहून घेतलं. मग चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "घर पास आहे, मॅडम. कपडे तेवढे उचला."

उचलले. पडदे धुऊन पुन्हा लावले.

नियमाप्रमाणे दादासोबत घरचं एक जबाबदार माणूस लागतं आणि त्या जागी तुझं नाव आहे. खरं सांगायचं तर मला तो एकटा यायला हवा होता. एक दिवस तरी, मध्ये तू नसताना. हे लिहून टाकल्यावर आता म्हणते: ये. दोघं या. सकाळच्या बसने निघालात तर आठच्या आत परत पोचाल.

दार उघडल्यावर काय म्हणायचं याची मी तालीम करते आहे. ‘कुठे राहतोस’ नाही, ‘कोण असतं’ नाही. तुझं ते फेसाच्या हाताने म्हटलेलं ‘आलीस?’ मला हवं होतं, पण ते तुझं आहे. ‘आलात?’ इथपर्यंत मजल गेली आहे. तो उठून उभा राहू नये म्हणून त्याला थेट स्वयंपाकघरात नेऊन खाली बसवायचं ठरवलं आहे, मांडीवर परात देऊन. बटाटे आणून ठेवले आहेत. जाड सोलले तरी चालतील.

फक्त सोलायची सुरी माझ्याकडे एकच आहे. एकटीला दुसरी कशाला लागते? येताना तुमची घेऊन या.

ताई